हरकत क्रमांक सदतीस

इतिहास लिहायला चार-पाच माणसं एकत्र बसली की इतिहास थोडा लिहून होतो आणि किस्सेच जास्त साचतात. आमच्या गटाने पाच वर्षं खपून एका गावाचा एकशे बारा पानी इतिहास तयार केला. किस्से लिहिले असते तर दुप्पट पानं लागली असती! पण मार्गरेटने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फॅक्ट्स ओन्ली, प्लीज." त्यामुळे पुस्तकात बसलं नाही ते सगळं माझ्याकडे शिल्लक राहिलंय.

आधी गट सांगते. वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावात आमच्या लायब्ररीत मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथे दर शनिवारी सकाळी दहा ते बारा स्थानिक इतिहास मंडळ भरतं. मार्गरेट ही मंडळाची प्रमुख, निवृत्त शिक्षिका. घड्याळ आणि बिस्किटांचा डबा, दोन्ही तिच्या ताब्यात. हेमी हे रेल्वेतून रिटायर झालेले माओरी गृहस्थ. बोलणार कमी, पण बोलले की विषय संपला. योस्ट हे ऐंशी ओलांडलेले स्विस सुतार, विशीत न्यूझीलंडला आले आणि इथेच राहिले. माझे बाबा मोजणी खात्यातून रिटायर, मुक्काम सहा महिने धुळे आणि सहा महिने आमच्याकडे. पाचवी मी. वेलिंग्टनला सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हाच माझा धंदा. पण इथे मला कोणी चुका काढू देत नसे. माझ्याकडे फक्त टायपिंग.

आता स्थानिक इतिहास मंडळात स्वित्झर्लंडमधल्या गावाचा इतिहास कशाला? हे लायब्ररीवाल्या बाईंनीही विचारलं होतं.

हेमी म्हणाले, "योस्ट इथे राहतो ना? मग लोकल."

विषय संपला.

योस्टना घाई होती. त्यांचं डोंगरउतारावरचं चिमुकलं गाव खालच्या मोठ्या गावात विलीन करायचं घाटत होतं. शेवटची ग्रामसभा झाली की गावाचं नाव कागदावरून जाणार. त्याआधी गावाचा इतिहास गावकऱ्यांच्या हातात पडावा, एवढीच त्यांची इच्छा. सभा दरवर्षी पुढे ढकलली जात होती खरी, पण त्यांचे डोळे थांबायला तयार नव्हते. नजरेच्या मधोमध धुकं धरायला लागलं होतं.

* * *

बाबा पहिल्यांदा आले ते २०१३च्या उन्हाळ्यात, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबरात. पहिले दोन आठवडे बागा, बीच, देऊळ झालं. तिसऱ्या आठवड्यात बघते तर हे जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून परसात पावलं मोजतायत!

संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तुझा तो शेजारी दोन फूट आत आलाय."

"बाबा, तो फेन्स आम्ही घर घेण्याच्या आधीपासून आहे."

"मग तर बारा वर्षं व्हायच्या आत अर्ज केला पाहिजे, नाहीतर जागा त्याचीच!"

शेजारची शॅरन फार भली बाई. तिच्याशी बांधाचं भांडण नको, म्हणून त्याच शनिवारी मी बाबांना लायब्ररीत नेऊन बसवलं. योस्ट पहिलं प्रकरण वाचत होते. हिमयुग, बर्फाच्या नद्या, रोमन सैन्य. बारा पानं झाली तरी गावाचा पत्ता नाही! बाबा चुळबुळ करायला लागले आणि शेवटी त्यांनी हात वर केला.

"सर, चतुःसीमा कुठे आहेत?"

मी भाषांतर केलं. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला, उत्तरेला. आमच्याकडे कुठलाही जमिनीचा कागद तिथूनच सुरू होतो.

हेमींनी मान हलवली. म्हणाले, "बरोबर आहे. आमच्यातही ओळख करून देताना आधी डोंगर सांगायचा, मग नदी. आपलं नाव सगळ्यात शेवटी."

पुढच्या शनिवारी योस्ट हाताने काढलेला नकाशा घेऊन आले. पूर्वेला ओढा, पश्चिमेला देवदाराचं रान, वर कडा, खाली दरी. पुस्तक तिथून सुरू झालं. मार्गरेटने रोमन सैन्याची बारा पानं हळहळत फाइलला लावली.

"पण ते फॅक्ट्स होते," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "मॅडम, गावात सैन्य आलं होतं का?"

"नाही. दरीतून गेलं."

"मग दरीच्या पुस्तकात घाला!"

* * *

गावाचं नाव आमच्यापैकी कोणालाच धड म्हणता येत नव्हतं. त्याचा अर्थ 'वरचा उतार' असा आहे कळल्यावर बाबांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं: वरवाडी. आणि योस्टचे झाले योस्टराव. त्यांना ते इतकं आवडलं की फोन उचलताना "योस्टराव हिअर" म्हणायला लागले.

वरवाडीचा उतार भयंकर. पेरणी झाली की माती हळूहळू खाली घसरते. म्हणून दर वसंतात गावातली सगळी माणसं शेताच्या तळाची माती टोपल्यांत भरायची, पाठीवर घ्यायची आणि शेताच्या माथ्यावर नेऊन टाकायची. वर्षभर ती पुन्हा घसरायची, पुढच्या वसंतात पुन्हा वर.

बाबांचा चहा निवला.

"म्हणजे दरवर्षी जमीनच हलते?"

"दरवर्षी."

"मग हद्दीचे दगड?"

"तेही हलतात."

"भांडणं?"

"चारशे वर्षं!" योस्टराव अभिमानाने म्हणाले.

बाबांनी एक मोठा सुस्कारा सोडला. "माझी नोकरी चुकीच्या जिल्ह्यात झाली."

* * *

दोघांची जुंपली ती वाटण्यांवरून. योस्टरावांनी सांगितलं, वरवाडीत बाप गेला की सगळं समान वाटायचं. घर, गोठा, गाय, सगळं. त्यांच्या मामाच्या वाट्याला एका गोठ्याचा आठवा हिस्सा आला होता. म्हणजे एका गाईच्या मागच्या पायापुरती जागा!

बाबा हार जाणाऱ्यांतले नव्हेत. म्हणाले, "आमच्या विहिरीत माझा हिस्सा दोन आणे तीन पै. सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावं. त्यातली एकोणीस माणसं वारली आहेत, तरी नावं आहेत."

"आमच्याकडे अक्रोडाचं झाड फांदीवार वाटलेलं होतं."

"आमच्याकडे आंब्याचं. एक वर्ष थोरल्याचं, एक वर्ष धाकट्याचं. आणि झाड एक वर्षाआड मोहरायचं!"

"मग?"

"धाकट्याने तीस वर्षं आंबा खाल्ला नाही."

योस्टराव टेबलावर हात आपटून हसले. मार्गरेट म्हणाली, "हे टाइप करू नकोस हं." मी ऑलरेडी केलं होतं.

इतका वेळ हेमी बिस्किट चहात बुडवत होते. ते शांतपणे म्हणाले, "उत्तरेला आमच्या कुटुंबाची थोडी जमीन आहे. नऊशे मालक आहेत. त्यातला मी एक."

बाबा उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी हेमींचा हात दोन्ही हातांत धरला.

* * *

आमची कामाची पद्धत ठरून गेली होती. योस्टराव भिंग लावून वहीतलं एक जर्मन वाक्य वाचायचे, मग तेच इंग्रजीत सांगायचे, की मी टाइप करायचं. एक वाक्य त्यांचं, एक आमचं. दोन वर्षांत ही सवय इतकी अंगात भिनली की कधी ऐकतेय, कधी टाइप करतेय हे मला कळेनासं झालं होतं.

एका शनिवारी मध्येच त्यांचा फोन वाजला. त्यांची बहीण, स्वित्झर्लंडमध्येच पण दूर शहरात राहणारी. योस्टराव खिडकीशी जाऊन बोलायला लागले. दहा मिनिटांनी परत आले आणि काम पुढे सुरू झालं.

महिन्याभराने मार्गरेट प्रूफं तपासत होती. चौथं प्रकरण, विषय गावातल्या चर्चची उभारणी. ती चष्मा वर करून म्हणाली, "'पायाचा दगड बसवून झाला. ती म्हणते, गुडघा पुन्हा सुजलाय आणि डॉक्टर गाढव आहे.' ही कोण?"

योस्टराव फोनवरसुद्धा प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत होते. मीसुद्धा ते इमानेइतबारे टाइप करत होते!

* * *

माझी मुलगी ईरा तेव्हा दहा वर्षांची. बॅलेचा क्लास सुटला की ती लायब्ररीत येऊन बसायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. एकदा नकाशा बघून म्हणाली, "आजोबा, व्हाय डिड दे ईव्हन लिव्ह देअर? इट्स अ डम्ब प्लेस."

मार्गरेटने डोळे वटारले. पण प्रश्न बिनतोड होता. योस्टरावांनी उत्तर द्यायला एक आठवडा घेतला.

"पाणी," पुढच्या शनिवारी ते ईराला म्हणाले. "गाव बांधलं ते पाण्यासाठी."

वर बर्फाच्या नदीतून लाकडी पन्हळी आणि दगडी पाट काढून कड्याच्या अंगाने पाणी गावात आणलेलं होतं. प्रत्येक घराची पाणी घ्यायची वेळ ठरलेली. त्यांचे वडील त्या पाटावरचे माणूस, पाणी सोडणारे.

बाबा ताडकन उठून उभे राहिले. "पाटकरी!"

पांझरेच्या काठी आमची फडबागायत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटावर गावाने नेमलेला पाटकरी. माझे चुलत आजोबा पाटकरी होते. ज्याची पाणी घ्यायची वेळ येते ती त्याची बारी. बाबांनी योस्टरावांना तो शब्द शिकवला. योस्टराव दिवसभर म्हणत होते, "बारी. बारी."

"तुमच्याकडे बारी बदलली हे कळायचं कसं?" बाबांनी विचारलं.

"ऊन कुठवर आलं त्यावरून. आणि हाकेवरून. माझं झालं की मी खाली हाक मारायची. आमच्या बरोबर खाली रोझाचं घर. ती खालून उत्तर द्यायची. उत्तर आल्याशिवाय पाणी सोडायचं नाही."

ईरा खुर्चीवर चढली. "डू इट! डू द कॉल!"

योस्टरावांनी मान हलवली. "इथे नको. खाली उत्तर द्यायला कोणी नाही."

त्याच उन्हाळ्यात कौन्सिलने बागांना पाणी घालण्यावर बंधन आणलं. विषम नंबरच्या घरांनी विषम तारखेला, सम नंबरच्या घरांनी सम तारखेला. मला वाटलं कटकट झाली. बाबांना मात्र हर्षवायू व्हायचा बाकी होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणताना ते गल्लीवर पाळत ठेवायला लागले.

आठवड्याने शॅरन दारात उभी. "युअर डॅड टोल्ड मी ऑफ, एह. म्हणाले, मॅडम, टुडे नॉट युअर बारी!"

मी सॉरी म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "नो, नो, बरोबर होते ते. कालही त्यांनी मला उठवायला हवं होतं, माझी होती!"

पुढच्या उन्हाळ्यात अख्खी गल्ली सकाळी बाबांनाच विचारून नळ सोडायला लागली.

* * *

हे झालं पाटाचं. आता काठीचं.

वरवाडीत बारीचा हिशेब कागदावर नव्हता. एक हातभर लाकडी काठी होती. तिच्यावर घराघरांची खूण कोरलेली, कोणाचा बाण, कोणाचा कोयता, कोणाची दोन टिंबं. खुणेपुढे जितक्या खाचा तितका वेळ पाणी. काठी पाटकऱ्याकडे. ती दाखवली की भांडण मिटलं.

पान एकसष्टवर योस्टरावांचं वाक्य असं होतं: 'त्यानंतर एका उन्हाळ्यात काठी हरवली.' पुढची चार पानं मग नुसत्या मारामाऱ्या. कोणाची बारी कधी हे सिद्ध करता येईना. कोर्टकचेऱ्या झाल्या, पाट फोडले गेले. खालच्या घरांना पाणी पोचेनासं झालं आणि रोझाच्या घरच्यांना गुरं विकावी लागली.

पुस्तकासाठी योस्टरावांनी काठीचं चित्र काढून दिलं. बाबांनी ते ट्रेसिंग पेपरवर घेतलं. घरी येईपर्यंत गाडीत ते तो कागद उजेडाला धरून बघत होते. मग चहा घेताना म्हणाले, "एकतीस घरांच्या खुणा ओळीने बरोबर."

"चांगली आहे की त्यांची मेमरी."

"खुणा लक्षात राहतात. पण चौथ्या खाचेशेजारी कपचा उडालाय, तोही काढलाय त्यांनी."

"मग?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "काठी हरवली, कोणी हरवली ते सोडून सगळं लिहिलंय. साखर दे."

* * *

आता जे सांगते ते जगात फक्त मोजणी खात्यातला माणूसच करू शकतो.

पुस्तक पुरं होत आलं होतं. ग्रामसभेची तारीख लागली, आणि या वेळी ती पुढे जाणार नाही असं कळलं. मार्गरेट म्हणाली, छापूया. बाबा म्हणाले, "असं कसं? नोटीस कुठे काढलीय?"

"कसली नोटीस?"

आपल्याकडे जमिनीची कुठलीही नोंद पक्की करण्याआधी गावाच्या चावडीवर नोटीस लावतात. 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' बाबांच्या मते एकशे बारा पानांच्या एवढ्या मोठ्या नोंदीला नोटीस नसणं म्हणजे सरळसरळ बेकायदा. मार्गरेट हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला, योस्टरावांनी जर्मन केलं आणि पुस्तकाच्या जर्मन-इंग्रजी कच्च्या प्रतीबरोबर मेल वरवाडीच्या ग्रामपंचायतीला गेली.

आम्हाला वाटलं, कोण उत्तर देतंय!

पण स्विस माणसाला हरकत विचारणं म्हणजे काय हे आमच्यापैकी योस्टराव सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि योस्टराव साठ वर्षांत विसरले होते. नोटीस खरोखर बोर्डावर लागली. बाराव्या दिवशी रजिस्टर्ड पार्सल आलं. एक्केचाळीस हरकती! नंबर घातलेल्या, पान आणि ओळ लिहून, प्रत्येकीखाली सही.

योस्टराव भिंगाने वाचायला लागले. आता एकेक ओळ लावायला त्यांना मिनिट मिनिट लागत होतं.

"हरकत क्रमांक चार. बोकड पांढरा नव्हता, तपकिरी होता."

"हरकत क्रमांक अकरा. माझे आजोबा दारू पिऊन पुलावरून पडले असं लिहिलंय. ते शुद्धीत असताना पडले."

"हरकत क्रमांक बारा. क्रमांक अकरा खोटी आहे. मी तिथे होतो."

हेमींना हसू आवरेना. मार्गरेट 'फॅक्ट्स, फॅक्ट्स' करत लाल पेनाने खुणा करत होती. बाबा तर खुर्चीत असे बसले होते की जणू पुन्हा नोकरीवर रुजू झालेत.

"हरकत क्रमांक सदतीस," योस्टराव म्हणाले आणि त्यांनी जर्मन वाक्य वाचलं. छोटंसंच होतं.

मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले. इंग्रजी वाक्य येईना. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

"अँड?" मार्गरेट म्हणाली.

"रोझाची आहे," योस्टराव म्हणाले. "पान एकसष्ट. काठी हरवली नव्हती." आणि लगेच, "हरकत क्रमांक अडतीस. चर्चची धाकटी घंटा आधीपासूनच तडकलेली होती."

* * *

त्या आठवड्यात बाबा योस्टरावांकडे जुने फोटो आणायला गेले. परत आले ते सरळ स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले.

"त्यांच्या किचनची खिडकी वर-खाली सरकणारी आहे, पण वर राहत नाही. दोरी तुटलीय. खाली एक लाकूड लावलंय."

मी कांदा चिरत होते. मी सुरी खाली ठेवली.

"हातभर लांब," बाबा म्हणाले. "चौथ्या खाचेशेजारी कपचा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, खिडकी कधीपासून अशी? म्हणाले, घर घेतलं तेव्हापासून."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही विचारायला हवं होतं. एवढा इतिहास, एवढी भांडणं, ती रोझा, आणि सगळ्याचं मूळ लोअर हटच्या एका खिडकीत! मला खरंच राग आला होता. पाच वर्षं मी टाइप करतेय आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्यच खोटं. माझ्या धंद्यात याला क्रिटिकल बग म्हणतात आणि तो ठेवून रिलीज करत नाहीत.

बाबांनी शांतपणे चहाचं आधण ठेवलं.

"हरकत नोंदवली गेलीय. उत्तर द्यायला त्यांना मुदत आहे. मुदतीच्या आत माणसाच्या दारात जाऊन बसायचं नसतं."

मुदत संपण्याच्या शनिवारी योस्टराव वीस मिनिटं उशिरा आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि उभ्यानेच म्हणाले, "हरकत क्रमांक सदतीस मान्य."

मग बसले आणि सांगितलं. खुणा करत, अडखळत, पहिल्यांदाच वहीशिवाय. ग्रामसभेने त्यांच्या वडिलांना पाटावरून काढलं होतं. आळ असा की स्वतःच्या शेताला जास्त पाणी घेतात. खोटा होता. योस्टराव वीस वर्षांचे. त्याच आठवड्यात त्यांची बोट होती. निघताना त्यांनी काठी ट्रंकेत टाकली.

"मला वाटलं, कोणीतरी मागायला येईल. मग मी म्हणेन, आधी माझ्या बापाची माफी मागा. पण कोणी आलंच नाही. मग इतकी वर्षं झाली की मलाच जाता येईना."

मार्गरेटने बिस्किटांचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. आठवडाभर साठवलेला माझा राग कुठे गेला कोण जाणे.

हेमींनी विचारलं, "मग आता खिडकी कशाने उघडी ठेवतोस?"

"नाही ठेवत," योस्टराव म्हणाले.

* * *

सभेच्या दिवशी त्यांचे संध्याकाळचे आठ होते आणि आमचे सकाळचे आठ. मार्गरेटने खास परवानगी काढून लायब्ररी लवकर उघडायला लावली होती. लॅपटॉपवर वरवाडीचा हॉल दिसत होता. बाकांवर दाटीवाटीने बसलेली साठ-सत्तर माणसं, बरीचशी म्हातारी, प्रत्येकाच्या मांडीवर आमचं पुस्तक. मतदान शेवटी होतं. त्याआधी योस्टरावांनी चार शब्द बोलायचे होते.

चार शब्द म्हणजे पान एकसष्ट, नवीन लिहिलेलं. छापताना ते पान आम्ही मुद्दाम कोरं ठेवलं होतं, कारण हे आपण स्वतः वाचणार असं योस्टरावांनी सांगितलं होतं. मी ते इतक्या मोठ्या टायपात काढून दिलं होतं की एका कागदावर चारच ओळी मावत होत्या. त्यांनी पहिला कागद धरला, जवळ नेला, लांब नेला. पुन्हा जवळ नेला. मग कागद खाली ठेवला.

"दिसत नाही," ते म्हणाले.

ईराने शेजारी ठेवलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. योस्टरावांनी ती दोन्ही हातांत आडवी धरून कॅमेऱ्यासमोर धरली.

हॉलमधली तरुण मंडळी एकमेकांकडे बघत होती, म्हातारी काठीकडे. मधल्या बाकावरून एक अगदी वाकलेली बाई उठली. कोणीतरी धरायला गेलं, तिने हात झटकला. चालत चालत ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की आम्हाला फक्त तिचं कपाळ आणि पांढरे केस दिसायला लागले.

ती काहीतरी म्हणाली. तीन-चारच शब्द.

"रोझा विचारते," योस्टराव सवयीने इंग्रजीत म्हणाले, "आता बारी कोणाची?"

त्यांनी 'बारी'च म्हटलं. मी टाइप करत होते. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

योस्टरावांनी काठी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि अंगठा एका टोकापासून खुणांवरून फिरवायला लागले. बाण. कोयता. कपच्यापाशी थोडे थांबले. पुढे गेले. दोन टिंबं. त्यांनी जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि मग आम्हाला सांगितलं, "रोझाची. चर्चच्या दारावर ऊन येईपर्यंत."

बाबा उभे राहिले. पाटावर बारी बदलताना पाटकरी बसत नाही.

योस्टरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली. तिच्यात शब्द नव्हता. लांब, वरून खाली घरंगळत जाणारी हाक. पुढच्या दालनात पुस्तकं लावणाऱ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

लॅपटॉपमधून काहीच आलं नाही. नेटवर्क गेलं असावं म्हणून मी वायर चाचपली.

मग खालून उत्तर आलं.